वाकडी ओपनिंग हवी, पण किती वाकडी?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की घरच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाच्या इंजिनांच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, आपापसांत स्पर्धा लावते. एवढ्या एका वाक्यावर जी पत्रं आली, तेवढी माझ्या एंडगेमच्या सहा लेखांवर मिळून आली नव्हती. तर या वेळी हाच विषय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात रात्रपाळ्या केल्या. आता मी झोपते आणि भाच्याने टाकून दिलेला डेस्कटॉप रात्रपाळी करतो. आमच्या मिरजेच्या घरात त्याला जिन्याखाली जागा दिली आहे, कारण त्याचा पंखा घोरतो. यजमान म्हणतात, निदान हा घोरताना काहीतरी काम तरी करतो.

प्रश्न : काकू, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन इंजिनं घेऊन सुरुवातीच्या मांडणीपासून शंभर डाव लावले. जवळजवळ सगळे बरोबरीत! मित्र म्हणाला, विचित्र ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरवून दिलेल्या चाली, दे. मग मी १. ई४ जी५ (पांढऱ्याचं प्यादं ई४ घरात, काळ्याचं जी५ घरात) दिलं. आता पांढरा प्रत्येक डाव जिंकतो आणि दोघांना पन्नास-पन्नास गुण. मग कुठली ओपनिंग द्यायची? यादी पाठवाल का? (बार्शी)

उत्तर : यादी पाठवणार नाही. यादी कशी करायची ते सांगते, कारण माझी पहिली यादी तुझ्याइतकीच फसली होती.

माझ्याकडे एक जुनी वही आहे, तिच्यावर मी "वेड्यांची वही" असं लिहून ठेवलंय. तिच्यात जगभरातल्या तऱ्हेवाईक सुरुवाती उतरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या चाळीस उचलल्या. प्रत्येक ओपनिंग दोनदा, एकदा हे इंजिन पांढऱ्याकडून, एकदा ते. म्हणजे ऐंशी डाव. खेळणारी दोन इंजिनं म्हणजे स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाच्याच दोन आवृत्त्या, एक ताजी आणि एक काही वर्षं जुनी. नवी जुनीला हरवते हे मला आधीच ठाऊक होतं, ते दिसतं का एवढंच बघायचं होतं. सकाळी चहा घेऊन जिन्याखाली वाकले तर निकाल चाळीस-चाळीस. क्षणभर मला जुन्या आवृत्तीचं कौतुकच वाटलं. मग तक्ता उघडला. बहुतेक जोड्यांत ज्या रंगाला आपण वरचढ जागा दिली, तोच रंग दोन्ही वेळा जिंकलेला. उरलेल्या जोड्यांत दोन्ही डाव बरोबरीत. रात्रभर वीज जाळून मी फक्त एवढं मोजलं होतं की वहीतले वेडे किती वेडे आहेत.

आता यातली मेख बघ. इंजिनांच्या स्पर्धेत मोजायचं एकक एक डाव नसतं, जोडी असते, म्हणजे एकाच ओपनिंगचे बाजू बदलून दोन डाव. जिंकला तर एक गुण, बरोबरीला अर्धा. दोन्ही डाव बरोबरीत गेले तर एक-एक. दोन्ही वेळा पांढरा जिंकला तरी एक-एकच. दोन्ही निकाल मुके. बोलतो तो दीड विरुद्ध अर्धा हा निकाल: वरचढ बाजू मिळाली तेव्हा एकाने जिंकून दाखवलं, तीच बाजू मिळाल्यावर दुसऱ्याला जिंकता आलं नाही. असे निकाल हवे असतील तर ओपनिंग विजय आणि बरोबरी यांच्या बरोबर उंबरठ्यावर उभी पाहिजे. घरात नको, अंगणात नको. उंबरठ्यावर.

हा उंबरठा सापडायला आता एक सोय झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून त्याच्या आकड्याचा, म्हणजे मांडणी बघून कोण किती पुढे हे तो ज्या आकड्यात सांगतो त्याचा, अर्थ बदलला. पूर्वी एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतकी आघाडी असं आपण समजायचो. आता अधिक एक म्हणजे त्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, असं माप लावून घेतलंय. दोन तुल्यबळ इंजिनं, निम्मे विजय, आणि उरलेल्यात बहुतेक बरोबरी. तुला हवा तो उंबरठा हाच. म्हणून मी आता प्रत्येक ओपनिंगच्या शेवटच्या मांडणीवर इंजिनाला काही मिनिटं बसवते आणि आकडा पाऊण ते सव्वाच्या दरम्यान असेल तरच पुढे नेते. पांढऱ्याच्या बाजूने की काळ्याच्या, याने फरक पडत नाही. जोडीमध्ये दोघांनाही दोन्ही बाजू मिळतातच. जुनी इंजिनं खेळवणार असशील तर मात्र हे माप जसंच्या तसं लावू नकोस. शिवाय डावाला जितका जास्त वेळ देशील तितकी बचाव करणारी बाजू जास्त वेळा वाचते, म्हणजे उंबरठा थोडा आणखी पलीकडे सरकतो. एक मिनिटाच्या डावांवर पारखलेली यादी तासाभराच्या डावांना चालेलच असं नाही.

आता "विचित्र" या शब्दाबद्दल. तुझ्या मित्राचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. विचित्रपणा कोण करतो याकडे त्याचं लक्ष नाही. सुरुवातीच्या मांडणीत पहिली चाल असल्यामुळे पांढऱ्याकडे थोडीशी आघाडी असते, पाव-अर्ध्याच्या आत. पांढऱ्याने १. ए४ किंवा १. एच३ असलं काही केलं तर तो ही आघाडी परत देतो आणि पट आणखीच समतोल होतो! म्हणजे बरोबऱ्या कमी करायला निघालो आणि वाढवून बसलो. १. बी४ घे. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत नामवंत खेळाडू टार्टाकोवर आदल्या दिवशी प्राणिसंग्रहालयात जाऊन आला, तिथल्या सुझन नावाच्या ओरँगउटानचा म्हणे सल्ला घेतला, आणि प्रतिस्पर्धी मारोत्सीविरुद्ध १. बी४ खेळला. तेव्हापासून त्या ओपनिंगला ओरँगउटान म्हणतात. नाव ऐकून वाटतं आता पटावर माकडउड्या. पण १… ई५ २. उंट बी२ उंट खातो बी४ ३. उंट खातो ई५ झालं की मधलं आणि कडेचं प्यादं मारून फिटंफाट, दोघंही निवांत.

याला एक ठळक अपवाद, १. जी४. ते प्यादं राजाची बाजूच उघडी टाकतं, त्यामुळे आघाडी परत देऊन वर काळ्याला उधारी देणं होतं. स्वित्झर्लंडचे हेन्री ग्रोब वर्तमानपत्रात बुद्धिबळाचं सदर लिहीत आणि वाचकांशी पोस्टाने हीच चाल खेळत. (माझ्याशी कुणी खेळू नये, माझी उत्तरं आधीच दोन अंक उशिरा येतात.) हा ग्रोब माझ्या मशीनवर चाळणीतून पार झाला. तुझं १. ई४ जी५ म्हणजे ग्रोबचाच आरसा, नावही रोमन अक्षरांत ग्रोब उलटं लिहून बोर्ग केलंय. पण तिथे काळा आधीच एक चाल मागे आहे, आणि वर तीच चूक करतो. म्हणून तो उंबरठा ओलांडून थेट घरात जातो. लाटव्हियन गँबिट, म्हणजे १. ई४ ई५ २. घोडा एफ३ एफ५, याचीही माझ्याकडे तीच गत. (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरा देऊन हल्ला मिळवायचा.) उलट किंग्ज गँबिट! १. ई४ ई५ २. एफ४. नावाला केवढा दरारा, पण दोन्ही इंजिनं इतक्या थंडपणे सोडवतात की वाटावं गॅस सिलिंडरचा हिशेब चाललाय.

मला सगळ्यात आवडलेली ओपनिंग मात्र आपल्या देशातली आहे. जॉन कोक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात वकिली करत असे. तिथे महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली खेळाडूशी त्याचे शेकडो डाव झाले. त्यातला १८४८ चा एक: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा खातो ई५ डी६, आणि आता शहाण्या माणसाने घोडा मागे घ्यावा, तर याने ४. घोडा खातो एफ७! घोडा देऊन दोन प्यादी, आणि काळा राजा चौथ्या चालीतच चटईवर. याला आजही कोक्रेन गँबिट म्हणतात. काळा वरचढ, पण राजाचं कॅसलिंग (हत्तीच्या आडोशाला कोपऱ्याकडे जाणं) गेलं ते गेलंच, आणि पांढऱ्याची प्यादी मध्यात फौजेसारखी उभी. माझ्या दोन्ही स्टॉकफिशांनी यावर दीड-अर्धा केलं, आणि हरलेला डाव मी नंतर पटावर मांडून पाहिला. तीस चालींपर्यंत जुनं इंजिनही ठीक खेळत होतं. मग त्याने आघाडीचं प्यादं एक घर लवकर ढकललं. मी असते तर तीन घरं लवकर ढकललं असतं.

महेशचंद्रांचं नाव आलंच आहे तर हेही सांगते. ते काळ्याकडून घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६ अशी मांडणी करत, जिला पुढे किंग्ज इंडियन नाव पडलं. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. त्या सवयीच्या माणसाला ही मांडणी घरची वाटली असेल, असा माझा कयास. या किंग्ज इंडियनमध्ये पांढऱ्याने डी५ करून मध्य बंद केला, काळ्याचा घोडा ई७ वर गेला, की पांढरा वजिराच्या बाजूने आणि काळा थेट राजावर असे दोघे दोन दिशांना सुटतात. मोठमोठे खेळाडू हे आयुष्यभर खेळले. इंजिनाचा आकडा मात्र एकच्या आसपास घुटमळतो. म्हणजे उंबरठ्यावरची ओपनिंग शोधायला वेड्यांच्याच वहीत डोकवायला हवं असं नाही. जर्मनीचे स्टेफान पोल यांनी नेमकं हेच केलं. माणसांच्या डावांतल्या सुरुवाती घ्यायच्या, इंजिनाच्या आकड्याने चाळायच्या, ठरावीक पट्ट्यात पांढरा पुढे असेल त्याच ठेवायच्या. त्यांच्या फायलींची नावं युएचओ या अक्षरांनी सुरू होतात आणि त्या फुकट मिळतात. स्टॉकफिश बनवणारे स्वतः प्रत्येक बदलाची चाचणी घेताना याच जातीची पुस्तकं वापरतात. याआधी पोल यांचाच एक संग्रह होता, ज्यात एकाचा राजा छोट्या बाजूला आणि दुसऱ्याचा मोठ्या बाजूला कॅसल झालेला असे. तीही युक्ती छान, भांडण आधीच लावून ठेवायचं.

फाईल करताना दोन-तीन ठिकाणी मी आपटले आहे, तेवढं जपून. ओपनिंग मारामारीच्या मध्येच तोडू नकोस. वजीर खाल्ला आणि फाईल संपली, तर पुढची चाल इंजिनाला सुचलेली नसून सक्तीची असते. सगळं शांत झाल्यावर थांब, आणि शक्यतो वजीर पटावर राहू देत. दुसरं, नावावर जाऊ नकोस, शेवटची मांडणी बघ. १. ई४ ई६ २. डी४ डी५ आणि १. डी४ ई६ २. ई४ डी५ ही दोन्ही एकच फ्रेंच. माझ्या पहिल्या चाळिसात अशा पाच जुळ्या बहिणी निघाल्या. आणि वीज गेली तर अर्धी राहिलेली जोडी निकालातून काढून टाक. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री दोनला हमखास जाते. एकदा मी अर्ध्या जोड्यांचे गुण धरले आणि जुनं इंजिन दोन गुणांनी जिंकलं!

प्रश्न : पहिल्या आठ चाली दुसऱ्यानेच ठरवायच्या आणि मग म्हणायचं कोण हुशार ते बघू, ही फसवणूक नाही का? आमच्या काळी खेळाडू स्वतःची ओपनिंग स्वतः खेळत. (रत्नागिरी)

उत्तर : आपल्याही आधीच्या काळी तसं नव्हतं, सर. १९०३ साली व्हिएन्नात एक स्पर्धा झाली, तिचा नियमच असा की प्रत्येक डाव किंग्ज गँबिटने सुरू करायचा आणि काळ्याने ते प्यादं घ्यायचंच. रशियाचे चिगोरिन पहिले आले. चेकर्स हा पटावरचा सोंगट्यांचा खेळ, त्या इंग्रज-अमेरिकन चेकर्सवाल्यांचं तर याहून पुढचं. तिथे मोठे खेळाडू सगळे डाव बरोबरीत सोडवायला लागले, म्हणून सुरुवातीच्या चाली चिठ्ठ्या काढून ठरवायची पद्धत पडली. अमेरिकेत १९३४ पासून पहिल्या तीन चाली चिठ्ठीने येतात, आणि मग दोघांनी बाजू बदलून दोन डाव. आपल्या इंजिनांच्या जोडीचीच ही मोठी बहीण. २००७ मध्ये जोनाथन शेफर यांच्या गटाने संगणकावर सिद्ध केलं की दोघं अचूक खेळले तर चेकर्स बरोबरीतच सुटतो. खेळाडूंना ते सत्तर वर्षं आधी हाडात कळलं होतं.

इंजिनांची सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे टीसीईसी. नॉर्वेच्या मार्टिन थोरेसन यांनी २०१० मध्ये सुरू केली. तिच्या अंतिम सामन्यात शंभर डाव, म्हणजे पन्नास ओपनिंगच्या पन्नास जोड्या. त्या ओपनिंग बऱ्याच सीझनमध्ये नेदरलँड्सचे जेरोन नोमेन यांनी निवडल्या. चौदाव्या सीझनच्या अंतिम सामन्यात स्टॉकफिश आणि लीला नावाचं दुसरं इंजिन समोरासमोर होते, निकाल ५०.५ विरुद्ध ४९.५. दहा विजय, नऊ पराभव, एक्याऐंशी बरोबऱ्या. मला विचाराल तर त्या सामन्यात तिसरा खेळाडू नोमेन होते. ओपनिंग थोड्या मऊ निवडल्या असत्या तर नव्वद बरोबऱ्या झाल्या असत्या, थोड्या कडक निवडल्या असत्या तर माझ्यासारखं चाळीस-चाळीस.

फसवणूक कधी म्हणता येईल? एकाच रंगाने एकच डाव खेळवला तर. जोडी पूर्ण केली की तक्रारीला जागा उरत नाही, कारण जी वाकडी खुर्ची तुम्हाला मिळाली त्याच खुर्चीवर अर्ध्या तासाने समोरचा बसणार असतो.

प्रश्न : हे सगळं करण्यापेक्षा चेस ९६० का लावत नाही? (पुणे)

उत्तर : लावते की. मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठीने मांडायची, ९६० तऱ्हा, माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये जाहीर केलेला खेळ. पण तिथे दोन्ही बाजूंची मांडणी एकसारखी असते, त्यामुळे तगडी इंजिनं पुन्हा बरोबरीकडे घसरतात. पांढऱ्याची मांडणी वेगळी आणि काळ्याची वेगळी असं केलं तर ९६० गुणिले ९६०, म्हणजे ९,२१,६०० तऱ्हा होतात आणि काहींमध्ये पारडं छान कलतं. तिथेही आकड्याची चाळणी लावावीच लागते. शिवाय मला सकाळी डाव बघताना सिसिलियन, फ्रेंच अशी ओळखीची तोंडं दिसलेली आवडतात. हा माझा दोष समजा.

प्रश्न : ताई, माझा अकरा वर्षांचा मुलगा इंजिनांचे डाव बघतो आणि शाळेच्या स्पर्धेत काळ्याकडून पहिल्याच चालीला जी५ खेळतो. मागच्या रविवारी तिसऱ्या चालीत मात झाली. प्रशिक्षक रागावले. त्याचं हे वेड बंद करू का? (पनवेल)

उत्तर : तिसऱ्या चालीत म्हणजे १. ई४ जी५ २. डी४ एफ६ ३. वजीर एच५ मात, हेच ना? मला न विचारता कळलं, कारण माझ्या वडिलांनी मला हीच मात दिली होती, फक्त तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दोन्ही चुका माझ्या स्वतःच्या कल्पनेतून निघाल्या होत्या. त्याला एवढंच सांगा की जी आणि एफ ही दोन प्यादी राजाच्या दाराच्या दोन फळ्या आहेत. एक काढली तर दुसरीला हात लावायचा नाही. चूक जी५ पेक्षा एफ६ मध्ये जास्त होती.

वेड बंद करू नका. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा गावी युरोपच्या सांघिक स्पर्धेत टोनी माइल्स जगज्जेत्या कार्पोवसमोर बसला आणि १. ई४ ला १… ए६, मग २. डी४ ला बी५ असं खेळला. पहिल्या चालीत कडेचं प्यादं एक घर! आणि जिंकला. पण माइल्सला आपण किती देतोय याचा अंदाज होता. इंजिनाला जी५ खेळायला आपण भाग पाडतो, ते स्वतःहून कधीच खेळत नाही, ही गोष्ट मुलाला बहुधा कुणी सांगितलेली नाही. पडद्यावर बघताना असं वाटतं की एवढं ताकदवान यंत्र ही चाल खेळतंय म्हणजे तिच्यात काहीतरी असणार.

पत्रात तुम्ही लिहिलंय की मोठी बहीणही खेळते. मग पुढच्या रविवारी दोघांना बसवा. पटावर १. ई४ जी५ मांडून द्या, डाव तिथून सुरू. एकदा तो काळा, एकदा ती. असे चार रविवार, आठ डाव. गुण वहीत त्यानेच लिहायचे, आणि जोडीजोडीने लिहायचे, सुटे नाहीत. ते पान मला पाठवा. प्रशिक्षकांना दाखवायची घाई करू नका.